संपूर्ण आयुष्याची नोंद : व्हिएतनामी-अमेरिकन मौखिक इतिहासाची कार्यपद्धती

एखाद्या व्यक्तीने स्वतः अनुभवलेल्या काळाविषयी, पूर्वतयारीने घेतलेल्या मुलाखतीत केलेले, ध्वनिमुद्रित झालेले आणि पुढील पिढ्यांना अभ्यासता यावे म्हणून जतन केलेले कथन म्हणजे मौखिक इतिहास. घरगुती गप्पांमध्ये तयारी नसते, वृत्तपत्रीय मुलाखतीत जतनाचा हेतू नसतो आणि न्यायालयीन साक्षीत बोलणाऱ्याला आपल्या ओघाने बोलता येत नाही, म्हणून या तिन्ही प्रकारांहून मौखिक इतिहास वेगळा मानला जातो. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनचा पाडाव झाल्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत येऊन वसलेल्या व्हिएतनामी समाजाच्या बाबतीत ही पद्धत अत्यंत निकडीची ठरली आहे. त्या दिवशी तिशीत असलेली व्यक्ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहे, आणि तिच्या आयुष्याचे लेखी पुरावे फार थोडे उरले आहेत. दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या राजवटीशी संबंध उघड होऊ नये म्हणून अनेक कुटुंबांनी गणवेश, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे स्वतःच्या हातांनी जाळली, आणि जे लहान बोटींतून समुद्रावर गेले त्यांना बरोबर काही नेताच आले नाही. अमेरिकी अभिलेखागारांत लष्कर आणि शासन यांची कागदपत्रे विपुल आहेत, व्हिएतनाममधील सरकारी दप्तरांत विजेत्यांची बाजू आहे. सामान्य निर्वासिताचे आयुष्य मात्र बहुतांशी त्याच्या स्मरणातच आहे.

हे काम हाती घेणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच मनाशी निश्चित करावी, ती म्हणजे नोंद पलायनाची नव्हे तर संपूर्ण आयुष्याची करायची आहे. युद्ध, पाडाव, समुद्रप्रवास आणि अमेरिकेतील यश अशी एक ठरलेली कथा या समाजाच्या समारंभांतून, स्मृतिदिनांतून आणि अमेरिकी माध्यमांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, केवळ बोटीविषयी विचारणाऱ्या मुलाखतकाराला निवेदक, म्हणजे ज्याचे कथन नोंदवले जात आहे ती व्यक्ती, तीच कथा परत ऐकवतो, आणि त्याचे स्वतःचे असे जे काही असते ते अनुच्चारित राहते. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे अध्यापन करणारे मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रीमन यांनी १९८९ साली ‘हार्ट्‌स ऑफ सॉरो’ हा व्हिएतनामी-अमेरिकनांच्या जीवनकथनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी बालपण आणि गाव यांपासून सुरुवात केली होती. याच अभ्यासकाने त्यापूर्वी, १९७९ साली, ओडिशातील एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाचे जीवनकथन ग्रंथरूपात आणले होते, आणि दलित आत्मकथनांची मोठी परंपरा लाभलेल्या मराठी वाचकाला या पद्धतीचे बळ वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. थी बुई यांची २०१७ सालची चित्रकथा ‘द बेस्ट वी कुड डू’ हीदेखील मूळ आई-वडिलांच्या मौखिक इतिहासाच्या विद्यार्थिदशेतील प्रकल्पातून उभी राहिली, आणि तिच्यात युद्धाइतकेच स्थान बाळंतपणांना आणि पालकांच्या तारुण्याला मिळाले आहे.

संपूर्ण आयुष्य विचारायचे तर त्याचा काळ आणि त्यातील टप्पे मुलाखतकाराला आधी ठाऊक असले पाहिजेत. सर्व निर्वासित एकाच वाटेने आले, हा समज सर्वाधिक नुकसान करतो. १९७५ च्या वसंतात बाहेर पडलेले सुमारे सव्वा लाख लोक बहुतांशी ग्वामसारख्या तळांवरून कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन, आर्कान्सामधील फोर्ट चॅफी, पेनसिल्व्हेनियातील फोर्ट इंडियनटाउन गॅप आणि फ्लोरिडातील एग्लिन या लष्करी तळांवर आले. तेथून त्यांना प्रायोजक, म्हणजे त्यांच्या निवाऱ्याची व उपजीविकेची जबाबदारी घेणारी चर्च किंवा कुटुंबे, यांच्यामार्फत देशभर विखरून पाठवण्यात आले, आणि नंतर त्यांच्यातील अनेकजण आपणहून कॅलिफोर्निया व टेक्सासकडे सरकले. १९७८-७९ च्या सुमारास बोटींतून निघालेल्यांत चिनी वंशाच्या व्हिएतनामींचे प्रमाण मोठे होते. त्यांतील कित्येकांना मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग या जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या बेटावर राहावे लागले, जेथे जून १९७९ मध्ये सुमारे चाळीस हजार माणसे दाटीने राहत होती. अमेरिकी सैनिकांच्या, व्हिएतनाममध्ये मागे राहिलेल्या मुलांसाठीचा कायदा १९८७ चा आहे. पुनर्शिक्षण छावण्यांत, म्हणजे नव्या राजवटीने जुन्या अधिकाऱ्यांना व सैनिकांना खटल्याविना डांबलेल्या श्रमछावण्यांत, तीन वर्षे किंवा अधिक काळ काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत येऊ देणारा करार १९८९ चा आहे. या शेवटच्या गटातील पुरुष बहुधा उतारवयाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत पोहोचले, आणि १९७५ साली आलेल्या त्यांच्याच नातेवाइकांहून त्यांचा अनुभव इतका भिन्न आहे की, दोघांसाठी एकच प्रश्नावली वापरणे चुकीचे ठरते. उत्तरेतील अनेक कॅथलिक कुटुंबांनी तर व्हिएतनामची उत्तर-दक्षिण विभागणी करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर, जेव्हा आठ ते दहा लाख लोक दक्षिणेत गेले, तेव्हाच एकदा घर सोडले होते. त्या स्थलांतरावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, त्यामुळे त्या पिढीच्या कथनात भारतीय अधिकाऱ्यांचा उल्लेख आल्यास मुलाखतकाराने गोंधळून जाऊ नये.

मुलाखत कोणत्या भाषेत व्हावी, या प्रश्नाचे उत्तर निवेदकाच्या भाषेत असेच असले पाहिजे. नातवंडांची व्हिएतनामी कच्ची असते म्हणून इंग्रजीत उरकलेली मुलाखत निवेदकाला त्याच्या इंग्रजीच्या मापाने लहान करते, आणि आयुष्यभर शिक्षक किंवा न्यायाधीश राहिलेला माणूस तीत अडखळत बोलणारा वृद्ध म्हणून नोंदला जातो. भाषा येत नसल्यास दुभाषी घ्यावा, परंतु तो शक्यतो घरातला नसावा, कारण आजीला जे नातीसमोर बोलायचे नसते ते ती नातीच्या तोंडून बोलणार नाही. व्हिएतनामीत मराठीतल्या ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांसारखी सर्वांना चालणारी सर्वनामे व्यवहारात फारशी वापरली जात नाहीत, तर नात्याच्या शब्दांनीच स्वतःचा आणि समोरच्याचा उल्लेख करावा लागतो. वडिलांहून मोठ्या व्यक्तीला ‘बाक’, धाकट्या पुरुषाला ‘चू’, आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘ओंग’ आणि आजीच्या वयाच्या स्त्रीला ‘बा’ म्हणताना बोलणारा स्वतःला ‘चाउ’ किंवा ‘कॉन’, म्हणजे नातवंड वा लेकरू, म्हणवतो. म्हणून पहिल्याच भेटीत निवेदकाचे वय आणि संबोधन विचारून घ्यावे. लेकराच्या नात्याने बसलेल्या तरुण मुलाखतकाराला आपुलकीने खूप काही सांगितले जाते हे खरे, पण त्याच नात्यामुळे उपदेश वाढतो आणि वडीलधाऱ्यांना अवघड प्रश्न विचारणे अशिष्ट वाटते. हा परिणाम टाळता येत नाही, तो मुलाखतीच्या टिपणात प्रामाणिकपणे लिहून ठेवावा.

ध्वनिमुद्रणापूर्वी किमान एक भेट यंत्राविना व्हावी. या भेटीत कामाचा हेतू, ध्वनिफीत कोठे ठेवली जाईल, कोण ऐकू शकेल आणि निवेदकाचे अधिकार कोणते हे समजावून सांगावे. अमेरिकी कायद्यानुसार मुलाखतीतील शब्दांवर बोलणाऱ्याचा हक्क असतो, आणि तो संमतिपत्राने दिल्याशिवाय संस्थेला त्या कथनाचा मुक्त वापर करता येत नाही. संमतिपत्र दोन्ही भाषांत असावे, आणि सर्व खुले, काही भाग बंद, ठरावीक मुदतीपर्यंत बंद, किंवा नाव बदलून खुले असे पर्याय त्यात स्पष्टपणे दिलेले असावेत. मुलाखत संपल्यावर, म्हणजे आपण काय बोललो हे कळल्यावर, सही घेणे न्याय्य होय. आरंभी घ्यावी ती केवळ ध्वनिमुद्रणाची परवानगी.

या समाजात संमतीचा प्रश्न औपचारिक नाही, त्यामागे भीतीचा खरा इतिहास आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतच काही व्हिएतनामी पत्रकारांच्या हत्या झाल्या. १९९९ साली कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर येथे, लिटल सायगॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, एका दुकानात साम्यवादी नेते हो ची मिन्ह यांचे चित्र लावल्याच्या निषेधार्थ जवळजवळ दोन महिने निदर्शने चालली, आणि पिवळ्या कापडावर तीन लाल पट्टे असलेला जुन्या दक्षिण व्हिएतनामचा ध्वज आजही या समाजाच्या प्रत्येक सार्वजनिक कार्यक्रमात मानाने लावला जातो. अशा वातावरणात जुन्या राजवटीवर टीका करणारा, युद्धाविषयी संदिग्ध भावना असलेला, किंवा ज्याचा भाऊ दुसऱ्या बाजूने लढला असा निवेदक सावधपणे बोलतो, आणि ज्यांचे आप्त अजून व्हिएतनाममध्ये आहेत त्यांना वेगळीच काळजी असते. मुलाखतकाराने कोणताही पक्ष घेऊ नये आणि प्रश्नांत कोणत्याही बाजूची घोषणा येऊ देऊ नये. मात्र निवेदकाने सायगॉन म्हटले असेल तर हो ची मिन्ह सिटी अशी दुरुस्ती कधीही करू नये.

त्याचबरोबर, पाळता येणार नाही असे गुप्ततेचे वचन देऊ नये. बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षातील माणसांच्या मुलाखती त्यांच्या हयातीत उघड होणार नाहीत या हमीवर जतन केल्या होत्या, परंतु २०११ साली ब्रिटिश तपासयंत्रणेच्या मागणीवरून अमेरिकी न्यायव्यवस्थेमार्फत त्यांतील काही मागवण्यात आल्या, आणि ती हमी टिकली नाही. म्हणून निर्वासित म्हणून नोंदणी करताना बदललेले नाव, कमी-जास्त सांगितलेले वय किंवा दुसऱ्याचे मूल आपले म्हणून दाखवल्याची हकीकत निघाली, तर ध्वनिमुद्रण थांबवून हा भाग नोंदवायचा आहे का, असे निवेदकाला विचारणे हे मुलाखतकाराचे कर्तव्य आहे. असे बदल त्या काळात जीव वाचवण्यासाठी केले गेले, आणि त्यांचा त्रास आज कुणालाही होता कामा नये.

प्रश्न खुले असावेत, म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर त्यांचे उत्तर संपू नये. ‘प्रवास खडतर होता का’ असे विचारण्याऐवजी ‘निघायचे ठरले त्या दिवसापासून सांगा’ असे म्हणावे आणि थांबावे. शांतता भरून काढण्याची घाई नवशिक्या मुलाखतकाराची सर्वांत मोठी चूक असते. वस्तू हाताशी असतील तर कथन आपोआप तपशिलात शिरते : निर्वासितांच्या छावणीत हाती नावाची व बोटीच्या क्रमांकाची पाटी घेऊन काढलेले छायाचित्र, पहिल्या पगाराची चिठ्ठी, घरातील पूर्वजांच्या देव्हाऱ्यावरची तसबीर. कुटुंबातील पुण्यतिथीच्या जेवणाला नातेवाईक जमतात तेव्हाही आठवणी निघतात, मात्र त्या प्रसंगी ध्वनिमुद्रण न करता कोणाशी पुढे स्वतंत्र बोलावे एवढेच टिपून घ्यावे.

स्त्रियांच्या मुलाखती पुरुषांच्या मुलाखतींना जोडलेली पुरवणी समजल्या जातात, आणि ही या क्षेत्रातील गंभीर उणीव आहे. घरातील पुरुष उपस्थित असला की तोच बोलतो, आणि तो बहुधा लढाया, हुद्दे व छावणीतील वर्षे सांगतो. परंतु पती पुनर्शिक्षण छावणीत असताना घर कोणी चालवले, बाजारात काय विकले, मुलांच्या शाळेत कोणते अडथळे आले, सुकवलेले अन्न बांधून दूरच्या छावणीपर्यंत भेटीला जाताना कोणत्या गाड्या बदलल्या, बोटीतल्या जागेसाठी सोने कसे साठवले, या प्रश्नांची उत्तरे स्त्रियांजवळच असतात, आणि १९७५ नंतरच्या दक्षिण व्हिएतनामच्या आर्थिक जीवनाचा फार मोठा भाग त्या उत्तरांत आहे. अमेरिकेतील कामाविषयीही असेच सविस्तर विचारावे. १९७५ साली अभिनेत्री टिपी हेड्रन यांच्या पुढाकाराने सॅक्रॅमेंटोजवळच्या छावणीतील वीस व्हिएतनामी स्त्रियांना नखांच्या निगेचे प्रशिक्षण मिळाले. पुढे हा व्यवसाय अमेरिकाभर मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामींच्या हाती आला, आणि तरीही त्यातील रसायनांचा वास, वाकून बसून दुखणारी पाठ, ग्राहकांचे बोलणे आणि मुलींच्या महाविद्यालयाची फी यांविषयी विचारणाऱ्या मुलाखती थोड्या आहेत. टेक्सासच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामींनी १९८१ साली कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या धमक्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागून ती मिळवली. त्या पिढीकडे जाळे, बोट आणि बाजारभाव यांविषयी विचारले, तर खटल्याच्या कागदपत्रांत नसलेले बरेच काही कळते.

थायलंडच्या आखातात चाच्यांनी केलेले बलात्कार, समुद्रात सोडून द्यावी लागलेली प्रेते, छावणीतील उपासमार या गोष्टी अनेक कथनांच्या तळाशी असतात. त्या थेट विचारू नयेत. निवेदकाने स्वतः वाट उघडली तरच, त्याच्या शब्दांत, त्याला हवे तितकेच जावे. स्त्री-निवेदकासाठी स्त्री मुलाखतकार, स्वतंत्र खोली आणि केव्हाही थांबण्याचा संकेत आधी ठरलेला असावा, आणि व्हिएतनामी बोलणाऱ्या समुपदेशकाचा संपर्क जवळ ठेवावा, कारण मुलाखत हा उपचार नव्हे. अशा बैठकीनंतर लगेच उठून जाऊ नये, चहा घेत आजच्या दिवसाविषयी बोलावे, आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी. आघाताची सविस्तर नोंद मिळाली नाही म्हणून मुलाखत अपुरी ठरत नाही.

स्मरणातील चुकांविषयी नवीन कार्यकर्ते फार चिंता करतात. इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवून दिले की, तेर्नी गावातील लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनांत मारला गेला असताना, गावातील अनेकजण त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात झाल्याचे सांगत असत. तारीख चुकली होती, पण त्या चुकीतून त्या मृत्यूला गावाने कोणता अर्थ दिला हे समजले. म्हणून निवेदकाला दुरुस्त करू नये, तफावत टिपणात नोंदवावी. व्हिएतनामी कथनात मात्र पुष्कळदा चूक नसतेच, कालगणना वेगळी असते. वृद्ध माणसे जन्म आणि मृत्यू चांद्र तिथीने सांगतात, जन्मतःच मुलाचे एक वर्ष मोजतात आणि साल बारा प्राण्यांच्या चक्रातील नावाने ओळखतात. तिथीने श्राद्ध करणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. १९६८ हे वानराचे आणि १९७५ हे मांजराचे वर्ष होते हे लक्षात ठेवले, तर ‘वानराच्या वर्षी टेटमध्ये’, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणात, घडलेली घटना कोणत्या सालची हे तत्काळ कळते. निवेदकाचे शब्द जसेच्या तसे ठेवून सौर दिनांक संपादकीय टिपणात द्यावा.

यंत्रसामग्रीविषयी थोडके सांगणे पुरे. ध्वनिफीत दाबून लहान न केलेल्या वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मापाने घ्यावी. दोन ध्वनिमार्गांच्या एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. कपड्याला लावायचे दोन माइक असावेत, खोलीतील शीतकपाट आणि पंखा बंद ठेवावा, आणि त्याच संध्याकाळी तीन प्रती करून त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. दृश्यमुद्रण उपयुक्त असले तरी कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्याला त्याची सक्ती करू नये.

एका तासाच्या बोलण्याची शब्दशः संहिता तयार करण्यास साधारण सहा ते आठ तास लागतात, आणि मध्येच इंग्रजी शब्द येणाऱ्या, उत्तरी, मध्य किंवा दक्षिणी बोलीतील व्हिएतनामीला त्याहून अधिक. यांत्रिक लेखनाचा आधार घ्यावा, पण व्यक्तिनामे आणि गावांची नावे निवेदकाकडून तपासूनच पक्की करावीत. व्हिएतनामी लिपी रोमन असली तरी सुरांच्या आणि स्वरांच्या खुणांविना ती अपूर्ण असते, आणि अमेरिकी कागदपत्रांत त्या खुणा गळालेल्या व आडनाव शेवटी गेलेले असते. म्हणून प्रत्येक नाव मूळ क्रमाने, खुणांसह आणि अमेरिकी रूपासह, असे दोन्ही प्रकारे लिहावे. संहितेबरोबर मुलाखतीचा दिनांक, स्थळ, भाषा, उपस्थित व्यक्ती आणि निर्बंध यांची माहिती, जिला मेटाडेटा म्हणतात, जोडली नाही तर वीस वर्षांनी ती ध्वनिफीत कोणाची हे सांगणारे कोणी उरणार नाही. पूर्ण संहिता शक्य नसल्यास केंटकी विद्यापीठाने विकसित केलेल्या ओएचएमएस या प्रणालीत विषयवार सूची करता येते, जिच्यामुळे ऐकणारा थेट हव्या त्या मिनिटावर पोहोचतो.

ध्वनिफिती घरातील संगणकावर ठेवणे म्हणजे जतन नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील आग्नेय आशियाई अभिलेखागारात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिएत स्टोरीज’ प्रकल्पाच्या मुलाखती आहेत आणि त्यांतील अनेक विद्यार्थ्यांनीच घेतल्या आहेत. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात आशियाई अमेरिकनांचा संग्रह आहे. टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम अभिलेखागारात राजकीय कैद्यांच्या कुटुंबांनी उभारलेल्या संघटनेची कागदपत्रे आहेत. काम सुरू करण्यापूर्वीच अशा एखाद्या संस्थेशी बोलून तिचे संमतिपत्र आणि फाइलची मापे स्वीकारावीत, कारण नंतर जुळवून घेताना निवेदक हयात असेलच असे नाही. संस्थेला प्रत देण्याआधी निवेदकाला आणि त्याच्या कुटुंबाला ध्वनिफीत व संहिता द्यावी, ती वाचून काही वगळायचे असल्यास त्याला पुरेसा वेळ द्यावा, आणि त्याने वगळलेले वगळलेलेच ठेवावे.

सॅन होझे, ह्यूस्टन किंवा ऑरेंज कौंटी परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना या समाजाचे शेजारी म्हणून, ग्रंथालयांतील स्वयंसेवक म्हणून किंवा विद्यापीठांतील विद्यार्थी म्हणून या कामात सहभागी होता येईल, आणि व्हिएतनामी येत नसली तरी ध्वनिमुद्रण, सूची आणि प्रतींची व्यवस्था ही कामे त्यांना करता येतील. निवेदकांची यादी मात्र वयाप्रमाणे करावी, प्रसिद्धीप्रमाणे नव्हे : समाजातील मान्यवरांची भाषणे अन्यत्र सापडतील, त्यामुळे पहिली मुलाखत नव्वदीतील ज्या आजींना कोणी काही विचारलेले नाही त्यांची घ्यावी, आणि ती या महिन्यातच घ्यावी.